नाव कोणाचे?

आमच्या ठाणे जिल्ह्यात दिवा नावाची दोन ठिकाणे आहेत. एक मध्य रेल्वेचे दिवा जंक्शन, जेथून वसई व पनवेलकडे फाटे फुटतात; दुसरे ऐरोलीचे दिवागाव. पाकिटावर नुसते ‘दिवा’ लिहिले, तर पोस्टमनने काय करावे? स्नानसंस्काराच्या नोंदवहीतही बाळाच्या नावाबरोबर आईवडिलांची नावे लिहितात, ती याचसाठी. एकट्या नावाने ओळख पटत नाही.

संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या आपल्या मुलांपुढेही हाच प्रश्न असतो. ती सारे स्वतः लिहीत नाहीत. इतरांनी लिहिलेली ‘पॅकेजेस’ सार्वजनिक भांडारातून नावाने मागवतात; त्या पॅकेजेसना आणखी दुसरी लागतात. जावा भाषेत संस्थेचा इंटरनेटवरील पत्ता उलटा करून नावाआधी जोडण्याचा संकेत आहे. जणू आडनाव आधी, नाव नंतर. जावास्क्रिप्टच्या ‘एनपीएम’ भांडारात मात्र तशी सक्ती नव्हती. जो पहिला येई, नाव त्याचे.

मार्च २०१६ मध्ये तेथे वाद झाला. आझेर कोचुलू यांच्या एका पॅकेजचे नाव ‘किक’ होते. त्याच नावाच्या कंपनीने ते मागितले. त्यांनी नकार दिला. भांडाराने ते नाव कंपनीला देऊन टाकले. तेव्हा कोचुलूंनी आपली अडीचशेहून अधिक पॅकेजेस काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज होते. त्याचे काम एवढेच, की डावीकडे जागा किंवा शून्ये भरून ७ चे ००७ करावे. ते नाहीसे होताच जगभर हजारो कामे अडली. अडलेल्यांत ‘बॅबेल’ नावाचे साधनही होते. नाव कमावण्यासाठी बुरूज बांधणारे वाचकांस आठवतीलच! भांडाराने काही तासांत ते पॅकेज परत ठेवले व पुढे पॅकेज काढून घेण्यावर निर्बंध घातले.

दोष कोणाचा? आपले दान परत घेण्याचा कोचुलूंना हक्क होता, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या नावाच्या भरवशावर इतरांनी घरे बांधली, ते केवळ आपले उरत नाही, असे आम्हांस वाटते. मात्र हे बंधन एकतर्फी नसावे. त्या ११ ओळींवर विसंबलेल्यांपैकी कितीजणांना त्यांचा लेखक ठाऊक होता?

वाचकहो, दर रविवारी मिस्सेपूर्वी आपल्यासाठी खुर्च्या मांडणाऱ्याचे नाव आपणांस ठाऊक आहे काय?