तारतम्याची परीक्षा

माझी भाची गेले आठ महिने अमेरिकेतील परिचारिकांच्या परवान्याच्या परीक्षेची तयारी करीत आहे. ड्यूटी संपली की ती संध्याकाळी टिळकवाडीतल्या माझ्या घरी येऊन बसते. तिच्या घरी लहान मुलांचा गलका, आणि माझ्याकडे मी एकटी. मी स्वतः तेहतीस वर्षे नर्स होते. त्यामुळे सुरुवातीला कौतुकाने आणि पुढे वेगळ्याच कारणाने मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसू लागले. ते वेगळे कारण सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आमच्या वेळी अशी परीक्षा नव्हती. अभ्यासक्रम पूर्ण झाला, शेवटची परीक्षा पास झाली, की राज्याच्या परिचर्या परिषदेत नोंदणी होई आणि आम्ही वॉर्डात रुजू होत असू. 'शॉकची लक्षणे लिहा' असा प्रश्न यायचा आणि आम्ही दहा लक्षणे क्रमाने लिहायचो. भाचीच्या परीक्षेला 'एनक्लेक्स' म्हणतात. १९९४ पासून ती संगणकावर घेतली जाते. उत्तर बरोबर आले तर पुढचा प्रश्न थोडा अवघड, चुकले तर थोडा सोपा, असे करीत यंत्र उमेदवाराची पातळी शोधीत जाते. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, आणि वेळ पाच तास. एप्रिल २०२३ मध्ये या परीक्षेचे स्वरूप बदलले. तेव्हापासून तिच्यात काही रुग्णांच्या पूर्ण हकिकती असतात. डॉक्टरांचे शेरे, नर्सच्या नोंदी, रक्ततपासण्या, दर दोन तासांची नाडी आणि रक्तदाब, असे सारे पडद्यावर मांडलेले असते आणि त्यावर ओळीने सहा प्रश्न विचारतात. यातल्या कोणत्या खुणा महत्त्वाच्या? त्यांचा अर्थ काय? अनेक शक्यतांपैकी सर्वांत आधी कशाची काळजी करायची? काय काय करता येईल? त्यातले आत्ता काय करायचे? आणि केले त्याचा उपयोग झाला की नाही, हे कशावरून ओळखायचे?

भाची याला 'क्लिनिकल जजमेंट' म्हणते. मी मराठी शब्द शोधीत होते. 'निर्णयशक्ती' म्हटले तर पहिल्या दोन पायऱ्या सुटतात. शेवटी आईच्या तोंडी नेहमी असणारा शब्द आठवला : तारतम्य. 'तर' आणि 'तम' हे संस्कृतातले तुलनेचे प्रत्यय. लघुतर, लघुतम. म्हणजे तारतम्य एकट्या गोष्टीत नसतेच, दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की ते सुरू होते. हा शब्द मला त्या क्षणी फार समर्पक वाटला. पण त्याने मला कुठे नेऊन सोडले ते आता सांगते.

एका संध्याकाळी भाचीच्या पडद्यावर पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा एक रुग्ण आला. रात्री दहा, बारा आणि दोन अशा तीन वेळांच्या नोंदी होत्या. नाडी हळूहळू वाढत होती. रक्तदाबाचा वरचा आकडा जवळजवळ तसाच, खालचा मात्र चढत होता. ड्रेसिंग कोरडे. रुग्ण अस्वस्थ, पाणी मागतो. भाचीने बोट ठेवून सांगितले, "आत्या, हा आतल्या आत रक्त घालवतोय." मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच चहाचे भांडे विसळीत उभी राहिले.

कारण तो रुग्ण मी पाहिलेला होता. १९८७ साली, एका इस्पितळाच्या पुरुषांच्या वॉर्डात, माझ्या नाइट ड्यूटीत. खानापूरकडचा शेतकरी, वय चाळिशीच्या आसपास, दुपारी पोटाची शस्त्रक्रिया झालेला. दहा वाजता नाडी ८४, रक्तदाब १२२/८०. बारा वाजता नाडी ९४, रक्तदाब १२०/८४. दोन वाजता नाडी १०६, रक्तदाब ११६/८८. हे आकडे मला आजही पाठ आहेत, कारण नंतर ते मला पुष्कळदा वाचून दाखवावे लागले. तो पांघरूण काढून टाकीत होता. "सिस्टर, कसंतरीच होऊलंय बघा," असे दोनदा म्हणाला. पाणी मागत होता, मी कापसाने त्याचे ओठ ओले केले आणि शांत पडून राहायला सांगितले. त्याची बायको स्टुलावर बसलेली होती. ती म्हणाली, "असं कधी करत नाहीत हे." मी म्हटले, "भूल उतरताना होतं असं." आणि पुढच्या कॉटकडे गेले. चाळीस कॉट होत्या आणि मी एकटी होते. चार वाजता त्याचा वरचा रक्तदाब ८० वर आला होता. डॉक्टरांना बोलावले, पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेले. सकाळी सहाच्या सुमारास तो गेला.

चौकशी झाली. माझ्या नोंदी वेळच्या वेळी आणि अचूक होत्या, दिलेली प्रत्येक सूचना पाळलेली होती. माझ्यावर काही ठपका आला नाही.

माझा प्रश्न इथून सुरू होतो. लक्षात न येणे हा अपराध आहे का?

मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. रक्त कमी होऊ लागले की हृदय जलद धावते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यामुळे वरचा दाब बराच वेळ टिकून राहतो. सुमारे तीस टक्के रक्त जाईपर्यंत तो फसवू शकतो. वरच्या आणि खालच्या आकड्यांतले अंतर मात्र आधीपासून कमी होत जाते. माझ्या तक्त्यात ते ४२, मग ३६, मग २८ झाले होते. हे सगळे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले होते. अज्ञानाची सबब मला नाही. आणि तरीही त्या रात्री मी कुठलीही चुकीची निवड केली नाही. समोर दोन वाटा दिसत आहेत आणि मी वाईट वाट धरली, असा क्षण आलाच नाही. दोन वाटा दिसल्याच नाहीत. नीतिशास्त्र बहुधा निवडीविषयी बोलते : हे करावे की ते. पण जे दिसलेच नाही त्याची निवड माणूस कशी करणार? 'आता माझ्या लक्षात येऊ दे,' असे ठरवून काही लक्षात येत नाही.

आमच्या शेजारी तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना मी परीक्षेबद्दल सांगितले (त्या रात्रीबद्दल नाही). ते म्हणाले, "असल्या गोष्टीची परीक्षा होऊच शकत नाही. ॲरिस्टॉटलने म्हटलंय, तरुण मुलगा भूमितीत निष्णात होऊ शकतो, पण व्यवहारातलं शहाणपण त्याला येत नाही, कारण ते एकेका प्रसंगातून, अनुभवातून येतं." मला ते पटले आणि नाहीही पटले. अनुभव मलाही होता, नऊ वर्षांचा. पण नऊ वर्षे मी तक्ता भरण्याचा अनुभव घेतला होता, वाचण्याचा नाही. मेट्रन फेरीला आल्या की रिकामा चौकोन शोधीत. रिकामा चौकोन सापडला की बोलणी बसत. भरलेला चौकोन काय सांगतो, हे मला कधी कोणी विचारले नाही, आणि मीही स्वतःला विचारले नाही. अनुभव आपोआप शहाणपण देत नाही. तो ज्या गोष्टीचा सराव करून घेतो, तीच पक्की होते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या परिचर्येवरील पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे पाहणे हेच नर्सचे काम, हा विचार आमच्या व्यवसायाइतकाच जुना आहे. पाहण्याचा रोज सराव करावा लागतो, एवढेच आम्ही विसरलो होतो.

भाचीचा सराव पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. 'लागू असतील ती सर्व उत्तरे निवडा' अशा प्रश्नात बरोबर पर्यायाला एक गुण मिळतो आणि चुकीच्या पर्यायाला एक गुण वजा होतो. शून्याखाली मात्र जात नाही. त्यामुळे भीतीपोटी सगळ्याच चौकोनांत खूण केली तर हाती काही लागत नाही. मला हे न्याय्य वाटते. प्रत्येक कण्हण्याला डॉक्टरांना उठवणारी नर्स सावध नसते, तिनेही तारतम्य सोडलेलेच असते, आणि चौथ्या वेळी तिची हाक कोणी ऐकत नाही.

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवायचे तर हातात ठळक आकडा लागे. 'बायको म्हणते, हे असं कधी करत नाहीत' एवढ्यावर उठवले तर काय ऐकून घ्यावे लागेल, ते मला पक्के माहीत होते. मग मला खरोखर दिसले नाही, की दिसले तर फोन करावा लागेल म्हणून मी नीट पाहिले नाही? न दिसणे आणि न पाहणे यांतली रेघ फार पुसट असते, आणि ती कुठे पडली हे बाहेरच्या कुठल्याच चौकशीला सापडत नाही. इतक्या वर्षांनी मलाही सापडत नाही.

तरी माझ्यापुरते मी एका उत्तराशी आले आहे. अपराध असेल तर तो दोन वाजताच्या त्या एका मिनिटात नाही. तो आधीच्या नऊ वर्षांत आहे, ज्यांत मी डोळ्यांना चौकोन भरायची सवय लावली. त्या सवयीत चाळीस रुग्णांमागे एक नर्स ठेवणाऱ्यांचाही वाटा आहे, पण त्यांचा वाटा मोजून माझा कमी होत नाही. आणि त्याहून मोठा वाटा नंतरच्या वर्षांचा आहे. मी पुढे वॉर्डची सिस्टर इन्चार्ज झाले, कितीतरी मुली माझ्या हाताखाली शिकल्या. ते तीन आकडे एका ओळीत लिहून 'हे वाचा' असे मी एकीलाही म्हटले नाही. लाज वाटत होती. मीही रिकामे चौकोनच शोधीत फिरले. लक्षात न येणे कदाचित क्षम्य असेल. लक्षात आल्यावर गप्प राहणे मी स्वतः निवडले होते.

म्हणून सराव ही मला आता केवळ पास होण्याची युक्ती वाटत नाही. पडद्यावरचा रुग्ण चुकला तर मरत नाही. भाची मागे जाऊन पाहते की आपण कुठल्या पायरीवर घसरलो. खूण दिसली नाही, की दिसून अर्थ लागला नाही? असे चुकण्याची जागा मिळणे ही मोठी गोष्ट आहे. ती जागा असताना सराव न करणे, हे मात्र मी निवड म्हणूनच मोजीन.

परीक्षेची मर्यादाही मला दिसते. पडद्यावर 'रुग्ण अस्वस्थ आहे' असे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले असते. वॉर्डात ते कोणी लिहीत नाही. तिथे आपणच खूण शोधायची असते, हात लावून, थांबून, ऐकून.

त्या संध्याकाळी चहा घेऊन बाहेर आले आणि भाचीला सगळे सांगितले. पहिल्यांदाच कोणाला तरी. मला वाटले होते ती म्हणेल, जाऊ दे आत्या, तुझी काय चूक. तिने तसे काही म्हटले नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि मग विचारले, "त्यांची बायको नेमकं काय म्हणाली होती?"

"असं कधी करत नाहीत हे."

"ते नोंदीत लिहिलं होतंस?"

"नाही."

तिने वही उघडली आणि ते वाक्य लिहून घेतले. तिची परीक्षा दिवाळीनंतर आहे. ती पास होईल की नाही, मला सांगता येणार नाही. पण एखाद्या परक्या गावातल्या वॉर्डात, परक्या भाषेत, कोणाची तरी बायको तिला हेच सांगेल, तेव्हा ती पुढच्या कॉटकडे जायच्या आधी थांबेल, असे मला वाटते.