सही आणि समास

पहिल्या आवृत्त्या जमवणारे एक परिचित परवा म्हणाले, "समासात ऐऱ्यागैऱ्यानं लिहिलेलं असलं की पुस्तक वाया गेलं. नामवंतानं लिहिलेलं असेल, तर मात्र सोनं!" दोन्ही वाक्यं एका दमात. तेव्हापासून ती डोक्यात भुणभुणताहेत.

लेखकाच्या सहीनं किंवा मूळ वेष्टनानं भाव कसा चढतो, ते काही सांगायला नको. मला फरक वाटतो तो मालकाच्या खुणेत आणि वाचकाच्या खुणेत. पहिल्या पानावरचं नाव पुस्तक कुणाकडे होतं ते सांगतं, समास त्याचं पुढे काय झालं ते सांगतो. संग्राहक पैसे मोजतो नावाचे आणि मिरवतो मात्र वाचनाचं प्रेम.

मार्क्सनं १८७३ मध्ये ‘दास कापिताल’ सही करून डार्विनला पाठवलं. डार्विननं आभाराचं पत्र लिहिलं. डार्विनच्या डाउन हाउस या घरातल्या त्या प्रतीतली ८२२ पैकी पहिली १०५ पानंच कापलेली आहेत, पुढची छापखान्यातून आली तशी जोडलेली. आमच्या परिचितांना हळहळ वाटेल ती एवढीच, की आवृत्ती दुसरी आहे.

उलट उदाहरण कोपर्निकसचं. त्याचा १५४३ चा ग्रंथ कुणी वाचलाच नाही, असं लेखक आर्थर कोसलरनं ठोकून दिलं होतं. मग ओवेन गिंगरिच या खगोलशास्त्रज्ञाला एडिनबरोच्या वेधशाळेत टिपणांनी गजबजलेली एक प्रत दिसली, आणि पुढची तीसेक वर्षं हा माणूस पहिल्या दोन आवृत्त्यांच्या सुमारे सहाशे प्रती धुंडाळत जगभर हिंडला. (असलं वेड सरकारी खर्चानं पुरवायला हवं.) एडिनबरोच्या प्रतीत किचकट गणिताच्या पानांवर शाई ओसंडते. सूर्य मध्यभागी मांडणाऱ्या सुरुवातीच्या पानांचे समास मात्र जवळजवळ कोरे. जगाची उलथापालथ बाजूला ठेवून वाचक आकडेमोडीत रंगलेला!

पण कोण वाचक? इथं माझी पंचाईत होते. माग लागला तो बांधणीवर ठसवलेल्या आद्याक्षरांवरून: एरास्मुस राइनहोल्ड, विटेनबर्गचा गणिताचा प्राध्यापक. ज्या मालकी मिरवणाऱ्या खुणेला मी नाक मुरडत होतो, तिनंच टिपणांना वाचा फोडली. एखाद्या कंटाळलेल्या विद्यार्थ्याचे कोरे समास म्हणजे आळस. राइनहोल्डसारख्या जाणत्याचे म्हणजे त्या काळच्या विद्वानांनी कोपर्निकसकडून काय घेतलं आणि काय टाळलं याचा पुरावा. डार्विनची न कापलेली पानंही तशीच. डार्विन-मार्क्स यांच्या जवळिकीबद्दल कितीही रंगवून सांगा, ती पानं त्याला साथ देत नाहीत. नाव पुसलं तर तिथं उरतं फक्त एक जाडजूड जर्मन पुस्तक.

तेव्हा नावाचा मोह मी आता क्षुद्र म्हणणार नाही. मात्र राइनहोल्डची टिपणंही ओळख पटेपर्यंत ऐऱ्यागैऱ्याचीच होती, आणि आमचे परिचित विकत घेतलेल्या प्रतींतली अनोळखी पेन्सिल रबरानं खोडतात. कुणाचं अक्षर आहे याची चौकशी त्याआधी ते कधीच करत नाहीत.