वाडगा आणि पेटी

क्योतो नगरांतील दाइतोकुजी मठाच्या कोहोआन या उपमंदिरांत चहाचा एक वाडगा जतन केलेला आहे. किझाएमोन इदो हें त्याचें नांव. जपान सरकारनें तो राष्ट्रीय ठेवा ठरविला असून पेटींत पेटी ठेवून त्याचें रक्षण केलें जातें. मूळचा तो सोळाव्या शतकांतील कोरियाचा. १९३१ सालीं सोएत्सु यानागी या जपानी विचारवंतांनीं तो पाहिला, तेव्हां त्यांच्या मनानें कौल दिला कीं, हें तर गरिबाघरचें रोजच्या जेवणाचें भांडें. आणि त्याचें सौंदर्य आहे तें या सामान्यपणांतच! परंतु ज्या सामान्यपणासाठीं त्याची स्तुति झाली, त्याच स्तुतीनें त्याला सामान्य जीवनांतून उठवून पेटींत बसविलें, हा केवढा विपर्यास!

यावरून एक जुनाच नैतिक प्रश्न मनांत येतो. चांगुलपणाला स्वतःची जाणीव झाली तर तो टिकतो काय? यानागींचें उत्तर नकारार्थी होतें. १९२५ सालीं त्यांनीं मित्रांसह 'मिंगेइ', म्हणजे लोकांची कला, हा शब्द घडविला व १९३६ सालीं तोक्यो येथें तिचें संग्रहालय स्थापिलें. एकाच घाटाचीं शेंकडों भांडीं करणाऱ्या अनामिक कुंभाराला 'मी' आठवण्यास अवसर नसतो. परंपराच त्याचा हात चालविते, म्हणून त्याच्या कृतींत अहंकाराचा मळ नसतो, असें त्यांचें प्रतिपादन.

हें मत मोहक आहे. पण मला तें पुरतें पटत नाहीं. ज्याला नांव मिळविण्याची संधीच नव्हती, त्याच्या अनामिकतेला विनय कसें म्हणावें? शिवाय अजाणतेपणांतच सद्गुण असेल, तर शिकलेल्या माणसाला त्याचें दार कायमचें बंद झालें म्हणावयाचें!

तसें तें नाहीं, याची साक्ष शोजी हामादा (१८९४–१९७८) यांच्या आयुष्यांत मिळते. ते सुशिक्षित, इंग्लंडांत काम करून आलेले. तरी परतल्यावर त्यांनीं स्वयंपाकघरांतील भांड्यांसाठीं ओळखल्या जाणाऱ्या माशिको गांवीं चाक मांडलें, तेथलीच माती वापरली, आणि भांड्यांवर आपलें नांव उमटविण्याचें सोडलें. त्यांची अनामिकता जाणून पत्करलेली होती. पण १९५५ सालीं सरकारनें त्यांचा गौरव केला, आणि त्यांचेही कित्येक वाडगे संग्राहकांच्या कपाटांत गेले. तेव्हां कर्त्याचा विनय पुरेसा नाहीं. घेणाऱ्यानेंही कांहीं करावें लागतें.

काय, तें मला घरींच शिकावें लागलें. एका जुन्या विद्यार्थ्यानें माशिकोहून आणलेला वाडगा मीं कांचेच्या कपाटांत ठेवला होता. एके सकाळीं पत्नीनें त्यांतच चहा पुढें केला. मी चिडून म्हणालों, "फुटला म्हणजे?" ती शांतपणें म्हणाली, "अहो, पण तो चहा पिण्यासाठींच केला आहे ना?" मीं वाडगा दोन्ही हातांनीं उचलला. तळव्यांना ऊब लागली, बोटांना बुडाचा खडबडीतपणा लागला. कपाटाच्या कांचेंतून यांपैकीं कांहींच मला तीन वर्षांत कळलें नव्हतें.

कर्त्याचें निरागसपण आपल्याला आणतां येणार नाहीं. पण वस्तूला तिच्या कामावर ठेवणें आपल्या हातीं आहे. त्यांत फुटण्याचें भय आहे खरें. परंतु मालकीच्या गर्वापेक्षां तें भय बरें. गेल्या पावसाळ्यांत त्या वाडग्याच्या कडेचा एक टवका उडाला. चहा मी अजून त्यांतच घेतों.