समाजाला हाक किती वेळा मारावी?



आपल्या हाती आलेली बातमी आपल्या माणसांपुढे किती वेळा ठेवावी, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. त्याचा शीलाशी काय संबंध, असेही कोणी विचारील. परंतु जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील बौद्ध वस्त्यांत गेली काही वर्षे मी जे पाहतो आहे, आणि स्वतः जे करीत आलो आहे, त्यावरून हा प्रश्न शीलाचाच आहे अशी माझी खात्री झाली आहे.

पूर्वी आमच्या विहाराच्या भिंतीला एक काळा फळा होता. पौर्णिमेची वंदना, कोणाच्या घरचे परित्राण पाठ, शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख, एवढेच त्यावर खडूने लिहिले जाई. फळा लहान. नवे लिहायचे तर जुने पुसावे लागे, आणि पुसण्यापूर्वी लिहिणारा क्षणभर विचार करी. आता वस्तीवस्तीचा व्हॉट्सॲप गट झाला आहे. हा फळा कधी भरत नाही, म्हणून त्यावर लिहिणाऱ्याला थांबण्याचे कारणही उरलेले नाही.

मी शिक्षक आहे. घरातला पहिला पदवीधर. आपल्याला जे कळले ते वस्तीला कळवावे, ही तळमळ मनात होती आणि आहे. म्हणून सकाळी उठल्यापासून मी गटावर टाकीत असे. कुठल्या सभेचा वृत्तांत, कोणाचे भाषण, शासनाचा निर्णय, जयंतीची छायाचित्रे. एका दिवशी अशा दहा-बारा गोष्टी टाकल्या. त्यांतच मुलींच्या शासकीय वसतिगृहाच्या प्रवेशअर्जाची शेवटची तारीख होती. वस्तीतल्या एका मावशी नारायणगावच्या बाजूला टोमॅटोच्या तोडणीला जातात. घरात फोन एकच. रात्री भाकरी झाल्यावर त्यांनी तो हाती घेतला तेव्हा माझ्या तारखेवर कितीतरी नमस्कार, फुले आणि भाषणे येऊन पडली होती. मुदत टळली. त्यांच्या मुलीला ते वर्ष रोज एस.टी.ने जाऊन-येऊन काढावे लागले.

मी त्यांना म्हणालो, "मावशी, मी तर टाकलं होतं." त्या म्हणाल्या, "सर, तुमचं दिसभर वाजतंच की. त्यातलं आमच्या कामाचं कोणतं, ते आम्ही कसं वळखावं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी बातमी दिली होती, परंतु ती पोचू नये याची व्यवस्थाही मीच केली होती.

यावर आपल्यापैकी अनेकजण एक आक्षेप घेतील, आणि तो हलका नाही. ते म्हणतील, "शेकडो पिढ्या आमचे तोंड बंद ठेवले. आता कुठे वाचा फुटली, तर तुम्ही मोजूनमापून बोलायला सांगता?" हा आक्षेप मला मान्य आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तो हे मुकेपण मोडण्यासाठीच. त्यामागून ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. ज्या समाजाला वर्तमानपत्र विकत घेणे परवडत नव्हते, त्याच्यासाठी एका माणसाने जन्मभर पत्रे चालविली. गप्प बसा, असा उपदेश त्या माणसाच्या अनुयायांना कोण करील?

परंतु हेही ध्यानात घ्या की 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' ही पाक्षिके होती. पंधरा दिवसांतून एक अंक निघे. वाचता येणारे थोडे. एकाने वाचावे आणि चार जणांनी ऐकावे, मग त्यावर बोलावे, असा तो काळ. पंधरवड्याची हाक पंधरवडाभर पुरे, कारण ती विचार करून मारलेली असे. वाचा फुटणे वेगळे आणि सुटणे वेगळे. मुक्याला वाणी मिळाली ती कोणीतरी ऐकावे म्हणून. जिथे सगळेच एकदम आणि अखंड बोलतात, तिथे मावशी पुन्हा मुक्याच राहतात.

आता धम्माच्या मापाने पाहू. अष्टांगिक मार्गातील सम्यक वाचेत चार गोष्टी वर्ज्य आहेत. खोटे बोलणे, चहाडी, कठोर वाणी, आणि चौथी संफप्पलाप, म्हणजे अवेळी केलेली निरर्थक बडबड. पहिल्या तिन्हींविषयी आपण जागरूक असतो, चौथीकडे मात्र आपले लक्ष नसते. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात तथागतांनी वाणीची जी कसोटी सांगितली, तीत सत्य एवढेच पुरत नाही, ते हिताचेही असावे लागते. आणि सत्य असून हिताचे असले तरी ते सांगण्याची वेळ तथागत जाणतात, असे तेथे म्हटले आहे. सत्य आणि हिताच्या गोष्टीलाही जर वेळ पाहावी लागते, तर सकाळच्या फुलांची काय कथा!

मी याहून एक पाऊल पुढे जातो. हा प्रश्न दुसऱ्या शीलाचाही आहे. अदिन्नादान म्हणजे न दिलेले घेणे. चोरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पैसा आणि धान्य येते. परंतु दिवसभर वाकून तोडणी करणाऱ्या बाईजवळ रात्री जो अर्धा तास उरतो, तीच तिची मिळकत. गटात नाव आहे एवढ्याने तो अर्धा तास तिने आपल्याला दिला असे होत नाही. आपले नाव दहा वेळा दिसावे म्हणून तो घेणे, हे न दिलेले घेणेच नव्हे काय? मी ते घेत होतो, आणि त्याला समाजकार्य म्हणत होतो.

पुन्हापुन्हा सांगण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो जिवावर बेततो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसे होती. मुले पळविणारी टोळी आली आहे, ही अफवा तेव्हा मोबाईलवरून गावोगाव फिरत होती. चार ठिकाणांहून तीच गोष्ट कानी आली की ती माणसाला खरी वाटू लागते. ऐकीव आहे किंवा पुष्कळ लोक म्हणतात एवढ्यावरून काही मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल असे बंधन घालण्याचे जाहीर केले. जे शीलाने पाळायचे, ते यंत्राला पाळायला लावावे लागले. बळी गेले ते आपल्याहूनही दुबळे होते, हे विसरू नका.

मग किती वेळा? उत्तर आपण रोज तोंडाने म्हणतो. त्रिशरण घेताना 'दुतियम्पि' आणि 'ततियम्पि' म्हणून आपण थांबतो, चौथ्यांदा म्हणत नाही. दर पंधरवड्याच्या उपोसथाला भिक्षुसंघात पातिमोक्ख म्हटले जाते, तेव्हाही नियमांच्या प्रत्येक वर्गानंतर, तुम्ही शुद्ध आहात ना, असे तीनदा विचारले जाते. मोठ्या संघकर्मात ठराव मांडून तीनदा पुकारतात आणि मग निर्णय होतो. बौद्ध संघाला सभेचे नियम ठाऊक होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत आवर्जून सांगितले. एकदा कळावे म्हणून, दुसऱ्यांदा ज्याने ऐकले नाही त्याच्यासाठी, तिसऱ्यांदा वेळ सरत आली म्हणून. त्यानंतर शब्द संपला आणि काम सुरू झाले. चौथ्यांदा गटावर टाकण्याऐवजी मी मावशींच्या दारी जायला हवे होते. दोन घरे सोडून तर त्या राहतात.

आपल्याच डोंगरांकडे पाहा. जुन्नरभोवती लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने दिले. या दानांची नोंद किती? दगडावर एक-दोन ओळी. कोणी दिले आणि काय दिले, बस्स. आधी डोंगर कोरला आणि मग ओळ कोरली. आपण ओळी कोरीत सुटलो आहोत आणि टाके मात्र कोरडे आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. गावात अत्याचार झाला, पाणी अडविले, मुलाला शाळेत वेगळे बसविले, तर तीनदा सांगून थांबा असे मी म्हणत नाही. तिथे हाक थांबता कामा नये. परंतु ती कोणाला मारायची? दमलेल्या आपल्याच माणसांना तीच छायाचित्रे शंभरदा दाखवून काय होणार? त्यांना ते दुःख पाठ आहे. तिथे हाक पोलीस ठाण्याला, तहसील कचेरीला, न्यायालयाला मारायची. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे. आपल्या माणसाला तीनदा आणि सत्तेला दाद मिळेपर्यंत, असे माप मी स्वतःपुरते ठरविले आहे. आजवर आपण याच्या उलट करीत आलो. सत्तेपुढे एकदा अर्ज आणि आपसांत हजार संदेश.

विहाराचा फळा आम्ही पुन्हा रंगविला आहे. मोबाईल सोडलेला नाही, सोडूही नये. परंतु गटावर काही टाकण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो, फळ्यावर एवढीच जागा असती, तर हे लिहिण्यासाठी मी काय पुसले असते? उत्तर न सुचले तर हात आवरतो.

वाचकहो, आज रात्री आपणही हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. आणि ज्या घरी बातमी पोचली नसेल असे वाटते, त्या घरी चालत जा.

जय भीम. भवतु सब्ब मंगलं.