पाय टेकायची नळी

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या मधोमध एक गोल वाचनकक्ष आहे. 1857 साली उघडलेला, 140 फूट व्यासाच्या घुमटाखालचा. घुमटाचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र टेबलांखालची नळी आवडते. तिच्यातून गरम पाणी खेळवायची सोय होती. गारठ्यात वाचणाऱ्यानं त्यावर पाय टेकावेत, शेकावेत आणि वाचत राहावं.

वाचणाऱ्याच्या पायांचीही काळजी घेणाऱ्या या कक्षामागची कल्पना अँतोनिओ पानिझ्झी यांची. मायदेशातून जीव वाचवून पळालेला हा इटालियन माणूस तिथला ग्रंथपाल झाला. देशातल्या सर्वांत धनवानाला जी पुस्तकं मिळतात, ती गरीब विद्यार्थ्यालाही मिळाली पाहिजेत, असं त्यानं 1836 मध्ये संसदेच्या समितीला सांगितलं होतं. तरी आत जायला शिफारस लागायचीच. तत्त्व आणि दरवाजा यांत एवढं अंतर सगळीकडे असतं.

1920 नंतरच्या लंडनमधल्या दिवसांत बाबासाहेब आंबेडकर म्युझियमच्या या ग्रंथालयात वाचत बसत. दुपारच्या जेवणाला फाटा, संध्याकाळी बाहेर पडताना खिसे टिपणांनी फुगलेले आणि रात्री भुकेला पापड, असं धनंजय कीरांनी त्यांच्या चरित्रात लिहिलंय. बाबासाहेबांनी पुढं दादरला ‘राजगृह’ हे घर बांधलं, तेही पुस्तकांना जागा हवी म्हणून.

1997 मध्ये लंडनचा तो कक्ष वाचकांसाठी बंद झाला, ग्रंथसंग्रह सेंट पँक्रसच्या नव्या इमारतीत गेला. घुमटाला जुना निळा, सोनेरी रंग पुन्हा चढला आणि 2000 साली दार सर्वांना खुलं झालं. शिफारसपत्र नको. पण ज्यासाठी ते लागायचं, तो संग्रह तोवर दुसरीकडे गेलेला. वास्तू जपली हे उत्तमच, नाहीतर पानिझ्झींची ती नळी आपल्याला कुठून दिसली असती? तरीही जपणूक आणि वापर यांची अशी चुकामूक मला टोचते.

ती टोचायला लंडन लागत नाही. आमच्या गावच्या जुन्या वाचनालयात स्पर्धा परीक्षेची मुलं आपापली पुस्तकं घेऊन दिवसभर बसतात. ‘येथे डबा खाऊ नये’ अशी पाटी आहे, म्हणून दुपारी पायऱ्यांवर बसून डबे उघडतात. परवा त्यांतल्या एकाला विचारलं, “आतल्या कपाटांतलं काही वाचतोस का रे?”

भाकरीचा तुकडा मोडत तो म्हणाला, “त्यांना कुलूप असतं, काका. जुनी आहेत ना पुस्तकं.”