तात्पुरता निवारा आणि माणूस

युद्ध पेटले की माणसे घरदार सोडून पळतात आणि त्यांना कोठेतरी थारा द्यावा लागतो. मग शासन मोकळी जमीन शोधते, तंबू ठोकते, बराकी उभारते आणि त्या व्यवस्थेला नाव देते : तात्पुरता निवारा. या 'तात्पुरता' शब्दाचा अर्थ आपण क्वचितच तपासून पाहतो. देणाऱ्याच्या लेखी तो सोयीचा शब्द आहे. थोड्या दिवसांचा प्रश्न, तो थोडक्यात भागवावा. घेणाऱ्याच्या लेखी मात्र तेच दिवस म्हणजे आयुष्य असते. छावणीत आलेले पाच वर्षांचे मूल दहा वर्षांचे होऊन बाहेर पडले, तर त्याचे बालपण तात्पुरते होते असे आपण म्हणणार काय?

हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे. १९३९ साली जर्मनी व सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. त्यानंतर लाखो पोलिश नागरिकांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. १९४२ मध्ये त्यांच्यापैकी अनेकजण इराणमार्गे बाहेर पडले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ मध्ये त्यांच्यासाठी छावणी उभी राहिली आणि सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांश स्त्रिया आणि मुले, तेथे राहू लागले. घरे बराकींचीच होती. पण तेथे शाळा होत्या, रुग्णालय होते, चर्च होते, मुलामुलींची बालवीर पथके होती, नाटकेही होत असत. आज ना उद्या उठणाऱ्या वस्तीला शाळा कशाला, असे कोणी म्हणू शकले असते. तसे घडले नाही, यातच त्या छावणीची थोरवी आहे, असे आम्हांला वाटते. मुक्काम तात्पुरता असतो, माणूस तात्पुरता नसतो, हे तेथे मान्य झाले होते.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. आपले लोक उपाशी मरत असता परक्यांसाठी छावण्या कशा, असे कोणी विचारले तर त्या प्रश्नामागची वेदना खरी आहे. परंतु वळिवड्याच्या भाकरीमुळे बंगाल उपाशी राहिला नाही. छावणीचा खर्च प्रामुख्याने लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार सोसत होते. खरा दोष वेगळा आहे. ज्या राजवटीला पाच हजार परक्यांची सोय नीट लावता आली, तिने आपल्या ताब्यातील लक्षावधींसाठी तशीच तत्परता दाखविली नाही. यातून घ्यायचा धडा परक्याचे ताट काढून घ्यावे हा नव्हे. परक्याला लावलेले माप घरच्यालाही लावावे, हा आहे. एकावरील अन्यायाने दुसऱ्यावरील दया खोटी ठरत नाही. ती अपुरी मात्र ठरते.

दुसरी भीती अशी की, तात्पुरते आलेले लोक कायमचे राहतील. वळिवड्याचा इतिहास येथेही बोलका आहे. युद्ध संपल्यावर पोलिश लोक गेले. पण बदललेल्या मायदेशी परतण्याऐवजी अनेकांनी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी नवी वाट धरली. त्यांच्या रिकाम्या बराकींत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे आली. ती राहिली, आणि आज तेच गांधीनगर कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी सर्वत्र ओळखले जाते. एक समाज गेला, दुसरा रुजला. दोन्हींनी कोल्हापूरचे काही बिघडले नाही.

बिघडते ते जाणेही नाही आणि रुजणेही नाही अशा अवस्थेत. श्रीलंकेतील यादवीमुळे १९८३ पासून तमिळ निर्वासित तमिळनाडूत येऊ लागले. शासनाने त्यांना निवारा दिला, मदत दिली, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. परंतु ती यादवी २००९ मध्ये संपल्यानंतरही हजारो कुटुंबे छावण्यांतच राहिली. तेथे जन्मलेल्या मुलांना आता मुले झाली आहेत. २०२१ साली तमिळनाडू शासनाने या छावण्यांना 'पुनर्वसन छावणी' म्हणावे असे ठरविले आणि मोडकळीस आलेल्या घरांच्या जागी नवी घरे बांधण्याची योजना जाहीर केली. पाऊल चांगलेच आहे. पण जो पिढ्यान् पिढ्या येथेच जन्मतो, त्याला आपण कोठवर पाहुणा म्हणणार? आपल्या देशाने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे त्यांच्यासाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कोणाला काय मिळावे हे त्या त्या वेळच्या मर्जीवर अवलंबून राहते. मर्जीने दिले ते दान. आणि दान केव्हाही थांबविता येते. आश्रय हा न्यायाचा विषय मानला, तरच तो भरवशाचा होतो.

मग आपला वाटा कोणता? छप्पर शासन देऊ शकते, कारण त्याच्याकडे जमीन, पैसा व अधिकार आहे. शेजार मात्र शासनाला देता येत नाही. मूल शाळेत आले तर त्याच्या बाकावर कोण बसणार, आजारी बाईची विचारपूस कोण करणार, हे सरकारी आदेशाने ठरत नाही. हेरोदाच्या भीतीने मिसर देशात गेलेल्या पवित्र कुटुंबाला तेथे कोणी आसरा दिला, हे शुभवर्तमान सांगत नाही. ती अनामिक दारे कोणाची तरी होतीच. उद्या अशी वेळ आपल्या गावावर आली, तर आपले दार त्यांत असेल की नाही, एवढेच आपल्या हाती आहे. आणि ते थोडे नाही.