कवच

रत्नागिरीत एका मिस्त्रींचं जुन्या गाड्यांचं गॅरेज होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या हाताखाली एक पोरगा काम शिकत होता. हात कसबी, अंगात उमेद आणि मनात एकच ध्यास: गाडी अशी चमकवायची, की रस्त्यावरच्या माणसाने थांबून बघावं.

एप्रिलमध्ये एक निवृत्त गुरुजी आपली 1980 सालची प्रीमियर पद्मिनी घेऊन आले. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी त्यांनी जिवापाड जपली होती. म्हणाले, "अण्णा, नातीचं लग्न आहे. बंपर आणि दारांवरच्या पट्ट्या अगदीच निस्तेज झाल्यात, तेवढं बघा."

अण्णांनी लोहचुंबक लावून पाहिला. बंपरला चिकटला, पट्टीला चिकटेना. ते पोराला म्हणाले, "बंपर लोखंडी आहे, वर निकेल आणि क्रोम. क्रोमचा थर फार पातळ, त्याला पॉलिश पेपर लावायचा नाही. धुऊन मऊ फडक्याने पॉलिश कर. पट्ट्या मागाहून हौसेने बसवलेल्या दिसतात, अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत."

बंपर उजळला. पट्ट्या मात्र कितीही घासल्या तरी त्यांची दुधाळ झाक हलेना.

"ती घाण नव्हे रे," अण्णा म्हणाले, "ते कवच आहे. हवा लागली की अ‍ॅल्युमिनियमवर आपोआप एक थर धरतो, पण तो अगदी नावापुरता. म्हणून कारखान्यात धातू आम्लात बुडवून, त्यातून वीज सोडून तोच थर जाड करतात, 5 ते 10 मायक्रॉनचा. पारदर्शक आणि फार कठीण. खाऱ्या वाऱ्याने नि धुण्याच्या सोड्याने तोच पांढुरका पडलाय. तो उतरवल्याशिवाय खालचा धातू दिसायचा नाही."

त्यांनी रीत सांगितली आणि ते सुटे भाग आणायला कोल्हापूरला गेले. पोराने पट्ट्या गाडीवरून उतरवल्या. हातमोजे, चष्मा घालून, उघड्यावर बसून पाण्यात थोडा थोडा कॉस्टिक सोडा विरघळवला. पट्ट्या त्यात बुडवल्या आणि बुडबुडे सुटताच बाहेर काढून भरपूर पाण्याने धुतल्या. मग 600, 1000, 2000 नंबरचे पेपर पाणी लावून क्रमाने फिरवले आणि शेवटी बफ मारला. पट्टीत चेहरा दिसू लागला. गुरुजी खूश होऊन गाडी घेऊन गेले.

गणपती झाले आणि गुरुजी परत आले. पट्ट्यांवर पांढरे ठिपके उठले होते, बोट फिरवलं तर खरखरीत लागत होतं.

पोरगा कासावीस झाला. "अण्णा, काम तर चोख केलं होतं!"

"चमक चोख होती," अण्णा म्हणाले. "पण वर मेण लावलंस? ते कवच कुरूप झालं होतं खरं, तरी इतकी वर्षं समुद्राचा वारा तेच झेलत होतं. ते तू काढून घेतलंस आणि उघडा धातू पावसात पाठवून दिलास. ज्याने कवच काढलं, राखणही त्यानेच लावून द्यायची."

पोराने पट्ट्या पुन्हा घासल्या, बफ मारला, मेणाचा हात दिला. गुरुजींच्या हातात मेणाचा डबा देऊन म्हणाला, "गुरुजी, हे दर महिन्याला लावावं लागेल. धुताना सोडा वापरायचा नाही. पुन्हा कारखान्यातला थर चढवायचा असेल, तर तसं सांगा, मी पट्ट्या घेऊन जातो."

पुढे एक व्यापारी अशाच दुधाळ पट्ट्यांची गाडी घेऊन आला. पोराने आधी विचारलं, "शेठ, नंतर निगा कोण राखणार?"

"माझ्याकडे कुठला वेळ!"

"मग राहू द्या आहेत तशा. धुऊन मेण लावून देतो. फार चमकणार नाहीत, पण टिकतील."

एक गिऱ्हाईक कमी पैशांत गेलं, पण अण्णा त्या दिवशी पोराला म्हणाले, "आता तुला काम आलं."

बोध: जुनं कवच कुरूप दिसलं, तरी ते कशाचं तरी रक्षण करत असतं. अबोल मुलाला बोलतं करणारा असो की कुणाच्या जुन्या श्रद्धेला हात घालणारा, उघडं पडेल त्याची राखण करायची तयारी असेल, तरच त्याने ते उतरवावं.